धाकलीचा उशीर

"फोटोतलं नको ते काढून टाकणं म्हणजे आपल्या हातचा मळ," असं तलासरी बाजारातला रामनाथ फोटोवाला कुणी न विचारताच सांगायचा. नवरदेवामागचा बैल म्हणा, मेव्हण्याच्या तोंडातली विडी म्हणा, सगळं तो पुसून द्यायचा.

नोटबंदीच्या आदल्या वर्षी वेवजी गावचा लाहू त्याच्याकडे आला. धाकली नावाची त्याची बायको वारली होती. दुसऱ्या दिवशी तिचं कार्य. आधारकार्डावरच्या फोटोत ती तिला स्वतःलाही ओळखू आली नव्हती. राहता राहिला हा फोटो, कुणाच्या तरी लग्नात पंगतीत वाढतानाचा, शेजारी वरणाची भलीमोठी बादली!

"बादली काढतो, तुळस लावतो. बस तू, चहा होईस्तोवर देतो," रामनाथ म्हणाला.

बादली गेली, तुळस आली. सेव्ह करायला गेला, तर पडद्यावर इंग्रजीत पाटी: डिस्क भरली, जागा नाही. ओके दाबलं, पाटी पुन्हा हजर. मशीन बंद करून चालू केलं, तर तुळस गेली आणि बादली परत आली! उदबत्ती ओवाळून पाहिली. पाटीला धुराचं काय? बाकावरच्या लाहूनं हळूच विचारलं, धाकलीचं काही चुकलं का.

जागा असणार कुठून? रामनाथ कीर्तनवेडा. देवळातल्या सप्ताहांची कीर्तनं भरून भरून डिस्क गच्च झालेली. देवाचं नाव पुसायचं म्हणजे पाप. पण मेल्या माणसाचं कार्य अडवणं त्याहून मोठं पाप. मग त्यानं कानाला हात लावून बिघडलेली कीर्तनं तेवढी निवडली. ती बिघडवली होती धाकलीनंच. बाईची भक्ती खरी, पण तालाशी जन्माचं वैर. अख्खं देऊळ 'विठ्ठल' म्हणून थांबलं, की मागाहून हिचा एकटीचा 'विठ्ठल'! शेवटी रामनाथनंच हातापाया पडून तिला माइकपासून उठवून लांब खांबाजवळ बसवलं होतं. त्याआधीची सगळी कीर्तनं त्यानं पुसली. कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली.

पुन्हा बादली काढली, फोटो निघाला. तुळशीशेजारी धाकली हसत होती. घाईत हातातली पळी मात्र राहून गेली. लाहूनं फोटो छातीशी धरला आणि दारात थांबला.

"शेठ, तुम्ही कीर्तनं भरून ठेवता ना? एकदा तिचा आवाज लावा. घर लई सुनं वाटतं."

रामनाथ कॉम्प्युटरकडे वळला. उरलेल्यातलं एक कीर्तन त्यानं लावलं. खांबाजवळची धाकली यात कुठली सापडायला? टाळ कडाडले, गजर उठला, थांबला. रामनाथनं मान खाली घातली.

आणि सगळं शांत झाल्यावर, लांबून, एकटाच, "विठ्ठल."

लाहूनं हातातल्या फोटोकडे पाहिलं.

"आली," तो म्हणाला. "इथंही उशिरानंच."