झुंबरशेठ पायी चढतात

आमच्या शेजारचे झुंबरशेठ मासे धरायला जातात तेव्हा त्यांच्या दोरीला आकडा नसतो. काठी असते, दोरी असते, दोरीवर तरंगायला मोरपिसाचं पेर असतं, आणि आकडा असायला हवा तिथे ज्वारीच्या पिठाची गोळी असते. मासा येतो, गोळी खातो आणि जातो. पेर बुडालं की शेठ समाधानानं मान हलवतात आणि दुसरी गोळी लावतात. गोमाईच्या पुलाखाली कपडे धुणाऱ्या बाया विचारतात, "शेठ, कितला धरात?" शेठ सांगतात, "मी धरत नही. गिऱ्हाईक उनं, माल लिधा, गयं."

एका रविवारी मी सकाळभर शेजारी बसून मोजलं. सतरा गोळ्या गेल्या. त्यातल्या निम्म्या तरी पाण्यातच विरघळल्या असाव्यात असं मी म्हणालो, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

झुंबरशेठांचे आजोबा राजस्थानातून शहाद्याला आले आणि त्यांनी किराण्याचं दुकान टाकलं. शेठ आज बहात्तर वर्षांचे आहेत. ते घरात मारवाडी बोलतात, दुकानात अहिराणी आणि डॉक्टरांशी मराठी. डॉक्टरांचं ते फारसं ऐकत नाहीत, म्हणून त्यांचं मराठी थोडं कच्चं राहिलं आहे.

आकड्याची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. शेठ तेव्हा दहा वर्षांचे होते. नदीवर पोरांच्या नादानं त्यांनी खरोखरच आकड्यानं एक मासा धरला. धरल्यावर करायचं काय, हे मात्र ठरलेलं नव्हतं. जैनाच्या घरात मासा नेणार कसा? म्हणून त्यांनी तो जिवंतच टोपीत घालून आणला आणि दुकानातल्या पिण्याच्या माठात सोडला. संध्याकाळी वडिलांनी रोजच्यासारखं फडकं लावून पाणी गाळायला घेतलं आणि फडक्यात बोटभर मासा उड्या मारू लागला.

वडिलांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. त्यांच्या घरचा नियम असा, की पाणी गाळून फडक्यावर जे जीव उरतात ते जिथलं पाणी तिथेच परत सोडायचे. रोज ते जीव डोळ्यांना दिसत नसत. त्या दिवशी दिसला, एवढाच फरक. वडिलांनी दुकान तसंच उघडं टाकलं, मासा तांब्यात घेतला, मुलाला बरोबर घेतलं आणि नदीवर जाऊन तो सोडला. परतताना म्हणाले, नदीवर बसायला माझी ना नाही, आकडा तेवढा फेकून दे. शेठांनी आकडा फेकला. बाकीची काठी बासष्ट वर्षं चालू आहे.

पुढे विशी-पंचविशीत त्यांना डोंगराचं वेड लागलं. साखरेच्या गोणीला खाटेची नवार शिवून त्यांनी पाठीवरची पिशवी केली आणि चारोळी, मोहाची फुलं, डिंक खरेदी करायला म्हणून ते सातपुड्यात पायी हिंडू लागले. आठ-आठ दिवस पाड्यापाड्यांवरून फिरायचे. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, अंधार पडल्यावर जेवण चालत नाही, पाणी उकळलेलं लागतं. पाड्यावरची माणसं या पाहुण्याला हसायची, पण चुलीवर त्यांचं पाणी आधी ठेवायची. त्यांच्या वडिलांना वाटायचं, पोरगं धंद्यात लक्ष घालतंय. मला हिशेबाची सवय असल्यामुळे मी एकदा विचारलं, की हा सगळा माल आठवड्याच्या बाजाराला शहाद्यातच येत नव्हता का?

"येत होता ना," शेठ म्हणाले. "मन्हाच दुकानसमोर."

म्हणजे चारोळी स्वतःहून चालत शहाद्याला येत होती आणि शेठ तिला भेटायला डोंगरात चालत जात होते. वाटेत दोघांची गाठ पडत असणार.

लग्न झालं, तीन मुलं झाली, तेव्हा त्यांनी आख्खं कुटुंब तापीकाठी मुक्कामाला नेलं. चार बांबू, एक ताडपत्री. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून चार वाजताच चूल पेटली, पाचला सगळ्यांची जेवणं झाली, आणि त्यानंतर उरलेल्या चौदा तासांचं काय करायचं, हे कुणालाच कळेना. अंधारात कोल्हे ओरडू लागले. थोरला महावीर तेव्हा सात वर्षांचा. तो आईच्या पदराखाली घुसला तो उजाडेपर्यंत बाहेर आला नाही. सकाळी काकूंनी पिठाच्या डब्यात मुंग्या पाहिल्या आणि जाहीर केलं, की यापुढे देवळाच्या धर्मशाळेपलीकडे त्या कुठेही मुक्काम करणार नाहीत. मुलांनी लगेच आईची बाजू घेतली. तेव्हापासून शेठ एकटेच जातात. जातात मात्र मोठ्या ऐटीत. जाताना गल्लीत कुणी विचारलं, एकटे का, तर म्हणतात, "गर्दी व्हस."

गेल्या वर्षी त्यांनी फोनवरून तंबू मागवला. हा तंबू चक्राकार घडी घातलेला येतो आणि पट्टा सोडला की आपोआप उघडतो. शेठांनी तो दुकानातच सोडला. तेलाचे डबे आणि डाळींच्या पोत्यांमध्ये एका क्षणात निळं घर उभं राहिलं. घडी कशी घालायची त्याचं चित्र बरोबर होतं, पण तंबूनं ते पाहिलेलं नव्हतं. एक बाजू दाबली की दुसरी उसळायची. चार दिवस गिऱ्हाईकं तंबूला वळसा घालून साबण मागत होती. पाचव्या दिवशी रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं गुडघा लावून तो मिटवला.

गुडघ्याचाच प्रश्न शेवटी आला. या दिवाळीनंतर शेठांचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी चढ-उतार कमी करायला सांगितलं. महावीर आता चाळिशी ओलांडलेला आहे आणि दुकान तोच पाहतो. तो पुण्यात शिकून आला, त्यामुळे भांडताना प्रमाण मराठीत बोलतो.

"बाऊजी, आता पुरे. सामान देऊन टाकू कुणाला तरी."

"का बरं?"

"तुमचं वय काय?"

"दुकाननं वय मन्हापेक्षा जास्ती शे. ते बंद करस का?"

मी त्या वेळी साखर घ्यायला गेलो होतो, म्हणून मला हे सगळं माहीत आहे. बाप-लेकांचं बराच वेळ चाललं. शेवटी महावीरनं अट घातली. घाटाच्या पायथ्यापासून तोरणमाळच्या तळ्यापर्यंत एकदा पायी चढून दाखवायचं, सगळं सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन. जमलं नाही तर तंबू, पिशवी, स्टोव्ह सगळं जाणार आणि शेठ गल्ल्यावर बसणार. कायमचे.

"आनि चढनू ते?" शेठांनी विचारलं.

"तर तुम्ही म्हणाल ते."

"तू येशी. एक रात. मन्हासंगे तंबूमा."

महावीर हसला आणि हो म्हणाला. चढणं होणारच नाही, याची त्याला खात्री होती. मग पंच कोण, असा प्रश्न आला आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मोजमापात मी कुणाची भीड धरत नाही, असं गल्लीत माझ्याबद्दल बोललं जातं. ही स्तुती आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

निघायच्या सकाळी पिशवी दुकानाच्या काट्यावर ठेवली. नऊ किलो दोनशे ग्रॅम. त्यातलं पाच लिटर उकळलेलं पाणी. डिसेंबरचा महिना, ऊन कोवळं. आम्ही बसनं पायथ्याशी उतरलो आणि अकराच्या सुमाराला चढायला लागलो. शेठांच्या पायांत कापडी बूट, उजव्या गुडघ्याला पट्टा, डोक्याला पंचा. माझ्याकडे फक्त माझी शबनम, कारण पंचाला वजनाची अट नव्हती.

पहिल्या तासात शेठ तीन वेळा पाणी प्यायले. मला ते खटकलं.

"शेठ, पाणी प्यायलात की पाठीवरचं ओझं कमी होतं. अट नऊ किलोंची आहे."

ते थांबले. "पानी गयं कोठे?"

"पोटात."

"पोट कोन उचली ऱ्हायनं?"

मी विचार केला. हिशेब बरोबर होता. "पण घाम येतो त्याचं काय?" मी विचारलं.

"घामनी घट धरा," शेठ म्हणाले. "साखरनी गोनीमा धरतस तशी."

मी घट मान्य केली.

दुपारी दोनला गुडघ्यानं बोलायला सुरुवात केली. वळण आलं की शेठ आधी डावा पाय पुढे टाकायचे आणि उजवा मागून ओढायचे. गप्पा बंद झाल्या. वाटेत एका पाड्यावरच्या म्हातारीनं त्यांना ओळखलं आणि खाट टाकली. शेठांनी उभ्या उभ्याच रामराम केला. त्यांच्या वेगावरून मी घड्याळाशी हिशेब मांडला आणि तो मला आवडला नाही. सूर्यास्त सहाला पाच कमी असताना. तोवर तळं येणार नव्हतं. एकदा सूर्य मावळला की शेठांना जेवण नाही, पाण्याचा घोटही नाही, तो थेट दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर. दिवसभर घाट चढलेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाला.

"शेठ, इथेच जेवून घ्या. डबा आहे, पाणी आहे. दहा मिनिटांचा प्रश्न."

"बठनू ते उठाव नही."

"उभ्यानं खा."

"उभ्यानं ढोर खातस."

तेवढ्यात मागून जीप आली. माणसं टपावरही होती. चालकानं गाडी हळू केली. "शेठ, बठी जा. पुढली सीट खाली करी देस."

शेठांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पंच होतो, मला तोंड उघडायचं नव्हतं, तरी मी म्हणालो, "बसा. मी महावीरला समजावतो."

"तुम्ही खोटं बोलशात?"

"नाही. समजावीन."

शेठांनी चालकाला हात केला. "तू हो पुढे. मन्हं काम शे."

शेवटच्या वळणांवर मी त्यांच्या मागे चालत होतो. पडलेच तर धरता यावं म्हणून. ते पडले नाहीत. सपाटी लागली, झाडांमधून पाणी दिसलं, तेव्हा सूर्य डोंगराआड गेलेला होता. मी फोनमध्ये पाहिलं.

"शेठ, अजून सहा मिनिटं आहेत. डोंगरानं झाकलाय फक्त. मावळला नाही. पटकन दोन घास घ्या, पाणी प्या."

शेठ तळ्याच्या काठावर पोचले, पिशवी उतरवून ठेवली, आणि पश्चिमेकडे पाहिलं.

"माले दिखत नही," ते म्हणाले. "मन्हा साठे डुबना."

"कागदोपत्री अजून—"

"पाटीलभाऊ, तुमना कागद तुमनापान ऱ्हाऊ द्या. उपास घडना. आयतं पुण्य शे." आणि ते तोंडभर हसले. चेहऱ्यावर घामाचं मीठ पांढरं झालं होतं, ओठ सुकले होते, पण मी त्यांना इतकं खूश दुकानातल्या दिवाळीच्या वहीपूजनालाही पाहिलं नव्हतं. उजवा पाय लांब पसरून ते राजासारखे बसले आणि स्वतःचा डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी नको म्हणालो. "खा. काकूले डबा भरेल परत नेला ते चालत नही." मी खाल्लं. मेथीचे ठेपले होते आणि कैरीचं लोणचं. शेठ माझ्या प्रत्येक घासाकडे लक्ष ठेवून होते आणि लोणचं राहिलं की बोट दाखवत होते.

तळ्याकाठच्या एका दगडावर उभं राहिलं की फोनला रेंज येते. मी उभा राहिलो आणि महावीरला फोन लावला.

"भाऊ, ते ठीक आहेत ना?" त्यानं आधी हेच विचारलं.

"ठीक आहेत. पायथा ते तळं, पूर्ण पायी, पूर्ण ओझं. जीप मिळत होती, घेतली नाही. माझ्या मते चढले."

पलीकडे दुकानातल्या काट्याचा आवाज येत होता.

"त्यांना सांगा," महावीर म्हणाला, "अमावास्येला मार्केट बंद असतं. मी येतो."

मी दगडावरून उतरून निरोप दिला. मला वाटलं, शेठ आता विजयाचं भाषण करतील. महावीरची टिंगल करतील, डॉक्टरांची करतील. त्यांनी पिशवीतून तंबू काढला आणि पट्टा सोडला. तंबू उघडला. ते हात टेकत आत शिरले, एका कडेला अगदी कापडाला चिकटून आडवे झाले, आणि उरलेल्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले.

"पाटीलभाऊ, तुम्ही महावीरइतलाच उंच शेतस ना?"

"साधारण. तो बोटभर जास्त असेल."

"जरा अठे आडवा व्हा."

मी बूट काढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन आडवा झालो. डोकं तंबूच्या एका टोकाला लावलं. शेठ कोपरावर उठले आणि दुसऱ्या टोकाकडे पाहू लागले. माझे पाय चांगले चार बोटं बाहेर राहिले होते. त्यात महावीरचं बोट धरलं तर पाच.

"लहान पडतो," मी म्हणालो. "एकट्याला तिरपं झोपलं तर पुरतो. दोघं सरळ झोपले की पाय बाहेर."

शेठ परत आडवे झाले. तंबूच्या निळ्या कापडावर उरलासुरला उजेड होता. त्यांनी गुडघा पोटाशी घेतला, तो दुखला असावा, कारण क्षणभर श्वास रोखला. मग ते आणखी कापडाकडे सरकले.

"त्याले तिरपा निजू दिसु," ते म्हणाले. "मी बठी ऱ्हासु."