कुलथेकाकांचे चार

या देशात माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते डेल्फ्टच्या कुलथेकाकांचे. आणि कुलथेकाकांच्या घरातलं घड्याळ उन्हाळाभर एक तास मागे असे.

ते बिघडलेलं नव्हतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळं नेदरलँड्स काटे तासभर पुढे सरकवतं. काका सरकवत नसत. नायजेरियातल्या बोनी बेटावर ते सोळा वर्षं गॅसच्या कारखान्यात होते. तिथे गॅस इतका थंड करतात की त्याचा द्रव होतो, आणि मग तो जहाजात भरतात. बोनीचं घड्याळ वर्षभर एकच. हिवाळ्यात ते आणि इथलं जुळतं, म्हणून हिवाळ्यात काका चारचौघांसारखे वागत.

उन्हाळ्यात पंचाईत. लॉकडाऊनमध्ये सुपरमार्केटने सकाळी सात ते आठ ही वेळ म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवली होती. काका आपल्या सातला, म्हणजे इथल्या आठला पोचत आणि घरी येऊन तक्रार करत, की इथल्या तरुण पोरांना काही लाज नाही, म्हाताऱ्यांच्या वेळेत घुसतात. पुढच्या वर्षी लस घ्यायलाही तासभर उशिरा गेले. नोंदणीवरच्या मुलीने घड्याळाकडे बोट दाखवलं, तर शांतपणे म्हणाले, "पुढे तुम्ही गेलात. मी आहे तिथेच आहे."

मी परतूरचा. वडील पिठाची गिरणी चालवतात, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. डेल्फ्टला मास्टर्स करत असताना महामारी आली आणि माझी खोली सुटली. मराठी ग्रुपवरचा माझा निरोप वाचून काकांनी फोन केला. प्रबंध कशावर, एवढंच विचारलं. म्हटलं, युरोपच्या गॅसपुरवठ्यात आफ्रिकेचा वाटा. लगेच म्हणाले, "सामान घेऊन ये. फक्त घड्याळाला हात लावायचा नाही."

काकांचं पालुपद एकच: आधी दाब बघ. कुकर असो, सायकलचं चाक असो की माझे गाइड. आठवड्यातून एकदा ते सायकलने हूक व्हान हॉलंडला जात. तिथून रॉटरडॅम बंदरात शिरणारी जहाजं दिसतात. बोनीहून, अंगोलाहून, अल्जीरियाहून गॅस घेऊन आलेलं जहाज दिसलं की काका टोपी काढत आणि वहीत नोंद करत. इथल्या ग्रोनिंगनच्या गॅसविहिरी बंद होत आल्यात, ते म्हणत, उद्या यांची चूल कोण पेटवणार ते यांना अजून कळलेलं नाही.

कुठलं जहाज येणार हे त्यांना आधीच ठाऊक असे, कारण रविवारी चार वाजता, काकांच्या चार वाजता, बोनीहून डागोगोचा फोन येई. कारखान्यात दोघांची पाळी एकच, आणि रविवारी चारला पाळी संपली की चहा एकत्र. फोनवर दहा मिनिटं बोलत, त्यात निम्मं हसणं.

२०२१च्या जानेवारीत डागोगो करोनाने गेला. काकांनी मला ते एका वाक्यात सांगितलं आणि भांडी घासायला घेतली. पण रविवारी चारला फोनजवळ बसणं सुटलं नाही. मार्चमध्ये काटेही सरकले नाहीत.

जूनमध्ये माझं सादरीकरण होतं, लॅपटॉपवरच, सकाळी दहाला. गाइडना आफ्रिका भरवशाची वाटत नव्हती, आणि नापास झालो असतो तर इथे राहण्याचा परवाना संपून परतूर गाठावं लागलं असतं. मी स्वयंपाकघरात आलो. काका दाढी करून, कोट घालून बसले होते. लॅपटॉपवर पावणेदहा वाजले होते. भिंतीवरही पावणेदहाच.

"बघतोस काय?" काका म्हणाले. "माझ्या घरात राहून तुला उशीर व्हायला नको. आधी दाब बघ. पाणी पी."

गाइडनी तोच प्रश्न विचारला: भरवसा काय? मी काकांची वही उघडली आणि एकेक जहाज वाचत गेलो. म्हटलं, माणसं घराबाहेर पडत नव्हती त्या वर्षीही ही जहाजं आली. यापेक्षा जास्त भरवसा कुठला असतो? गाइडनी वही कुणाची ते विचारलं. काका कॅमेऱ्यासमोर वाकले आणि म्हणाले, "माझी आणि डागोगोची."

मी पास झालो. पण काकांनी काटे परत मागे नेले नाहीत. सुपरमार्केटला वेळेवर जाऊ लागले. रविवारी चारला फोनजवळची खुर्ची रिकामी दिसू लागली. मला ते बघवेना. ऑगस्टमध्ये नोकरीसाठी अ‍ॅमस्टरडॅमला आलो आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना पत्र टाकलं:

ती. काकांस,
सा. न. वि. वि.
इथल्या झुइडास भागातल्या ऑफिसात मला टेबल मिळालं आहे. पहिल्याच दिवशी त्यावर नायजेरियाच्या गॅसच्या कराराचे कागद होते. ते वाचताना सगळ्यांत आधी तुमची आठवण झाली.
एक कबुली. निघायच्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात, तेव्हा मी तुमच्या घड्याळाला हात लावला. काटे एक तास मागे नेले आहेत. रागावू नका, आणि आता पुढे करू नका.
मीही इथे तसंच एक घड्याळ लावलं आहे. येत्या रविवारपासून चार वाजता फोन करेन. तुमच्या चार वाजता. जवळ बसा.
आपला,
दत्ता