रामभाऊंना काढलं, त्याची गोष्ट

‘वेल उपटायच्या आधी तिचं टोक कुठवर गेलंय ते बघ रे.’ अभिरामची आई असं म्हणाली होती, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. कुंपणावरचा एक वाळका दांडा त्याने ओढला आणि शेजारच्यांचा दोडक्याचा अख्खा मांडव खाली आला. आईचा आवाज वीस वर्षं त्याच्या कानात राहिला. कानात राहिला, एवढंच. हातापर्यंत काही उतरला नाही.

आता तो इंदूरच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळत होता आणि संहितावर त्याचा जीव जडला होता. संहिताचे आजोबा चिंतामणराव म्हणजे छत्रीबागेतल्या मराठी स्नेह मंडळाचे अध्यक्ष. त्यांना मुलगा पसंत होता, घराणं पसंत नव्हतं. म्हणजे कळतच नव्हतं. नाशिककडचा मुलगा, पणजोबांच्या वर विचारलं तर खांदे उडवतो. लग्नाचं उत्तर मंडळाच्या स्नेहभोजनानंतर देईन, असं ते म्हणाले होते. म्हणून अभिरामने मंडळाची वंशनोंद फुकटात संगणकावर चढवून दिली. चार हजार माणसं, प्रत्येक जण आपापल्या बापाच्या खाली टांगलेला. नोंद नीटस राहावी म्हणून त्याने एक नियमही घालून ठेवला होता: वरचा गेला की खालचे आपोआप जावेत.

भोजनाच्या आदल्या दिवशी चिंतामणरावांनी एक बारीकसं काम सांगितलं. होळकरांच्या पागेवरचे कारकून रामभाऊ १९०८ साली वारले होते, तरी दर संक्रांतीला त्यांच्या नावाने तिळगुळाचं निमंत्रण निघत होतं. पोस्टमन आता हसायला लागला होता. रामभाऊंना सन्मानाने काढा.

“दोन मिनिटांचं काम आहे,” अभिराम म्हणाला.

खरं तर अर्ध्या मिनिटातच झालं. आधी मोजून बघावं, प्रत काढून ठेवावी, हे तो ऑफिसात नव्या पोरांना रोज शिकवायचा. इथे बोट दाबून मोकळा झाला. पडद्यावर आलं: ३१३ नोंदी काढल्या. एका माणसाच्या एवढ्या? असतील, जुन्या दरबारातला माणूस, असं म्हणून तो रात्रीच्या सराफ्यात गराडूचे तळलेले काप खायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाल आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या बाफल्यांचा वास थेट नदीपर्यंत गेला होता. दाराशी चिटणीस सुहासिनीबाई लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या, शेजारी अभिराम. नोंद नाही त्याला ताट नाही, हा नियम खुद्द चिंतामणरावांचा. मागच्या वर्षी शेजारच्या लग्नातलं अर्धं वऱ्हाड इथे जेवून गेलं होतं.

पहिले आले कृष्णराव. नाव सापडेना.

“अरे भिया, मी तर पच्चीस साल से येतोय. समोर उभा आहे, दिसत नाही का?”

“तुम्ही दिसताय,” सुहासिनीबाई म्हणाल्या, “नोंद दिसत नाही.”

मग मनीष, मग मनीषची चार भावंडं, मग आचाऱ्याला सामान काढून देणारे वामनराव. बाफले त्यांच्याच देखरेखीखाली शिजले होते आणि आता तेच बाहेर. उन्हात रांग मुंगळ्यांसारखी वाढत गेली. शेवटी अध्यक्षांचा बिल्ला लावून स्वतः चिंतामणराव आले. तेही नव्हते. आतून, वाढपाच्या टेबलावरून, संहिताचा मेसेज आला: मी आहे की गेले, तेवढं कळव.

अभिरामला तेव्हा कळलं. रामभाऊंच्या खाली टांगलेली सगळी वेल त्याने मुळासकट ओढली होती. प्रत म्हणून जपलेला पेनड्राइव्ह लावला, तर त्यात मावसभावाच्या बारशाचा व्हिडिओ निघाला.

आता सगळे परत भरायचे. पण बापाआधी लेक भरता येत नव्हता, नियम अभिरामचाच. म्हणून आधी मेलेले, मग जिवंत, अशी रांग लावावी लागली. रामभाऊ मूळपुरुष म्हणून पहिले आत गेले; मूळपुरुषाला बाप लागत नव्हता. अर्जाला मोबाइल नंबर लागतच होता, अभिरामने आपला दिला. लगेच खिशात टणत्कार झाला: नमस्कार रामभाऊ, मंडळात आपलं स्वागत आहे. मनीषला आजोबांचं नाव आठवेना, त्याने देवासला आत्याला फोन लावला. एका पणज्यावरून दोन घरांत जुंपली. बाफले गार पडत चालले.

तेव्हा चिंतामणरावांच्या पत्नी कुमुदिनीकाकू पुढे झाल्या. सासूने पाळण्यापाशी शिकवलेली नावांची ओवी त्यांना पाठ होती; कुळात नवं मूल झालं की त्या तीत एक ओळ जोडत आल्या होत्या. डोळे मिटून त्या म्हणू लागल्या:

रामभाऊंच्या गं दारी
पाच रोपं ओळीनं
थोरल्याला फुटली
सात पानं वेळेनं...

ओवी पुढे सरकत होती, अभिराम कीबोर्ड बडवत होता, शे-दीडशे माणसं भूक विसरून आपापल्या नावाची वाट बघत होती. नाव आलं की माणूस हलका होऊन आत जाई. कृष्णराव गेले, मनीष गेला, वामनराव तर पळालेच. ओवी चिंतामणरावांच्या वडिलांच्या नावापर्यंत आली, आणि काकू थांबल्या.

“पुढे?” अभिरामने विचारलं.

काकूंनी चिंतामणरावांकडे पाहिलं. ओवीत पुढे काही नव्हतंच.

चिंतामणरावांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. खुर्ची ओढून ते अभिरामच्या अगदी जवळ बसले.

“वडिलांची जागा रिकामी ठेव. नानांनी, ज्यांना मी वडील म्हणत आलो त्यांनी, मला गौतमपुऱ्याहून आणलं, दिवाळीत जळते हिंगोट एकमेकांवर फेकतात त्या गर्दीतून. तीन वर्षांचा होतो, कोणाचा ते कोणाला सांगता आलं नाही. नानांनी वहीत आपल्याखाली लिहिलं आणि विषय संपवला.”

सुहासिनीबाईंनी चष्मा पुसायला घेतला. जागा रिकामी ठेवली तर नोंद पुढे जात नव्हती. त्याला एकच वाट होती. अभिरामने चिंतामणरावांच्या नावापुढे ‘मूळपुरुष’ या चौकोनात खूण केली. नोंद झाली. त्यांच्याखाली एकेक करून मुलगा, सून आणि संहिता येऊन बसली.

चिंतामणरावांनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट टेकवलं.

“तुझं घराणं मी सारखं विचारत होतो ना,” ते म्हणाले, “तुझ्यात खोट काही नव्हती रे, आता विचारणार नाही. आपण दुसऱ्याला विचारत राहिलं, की आपल्याला कोणी विचारत नाही.”