खांद्यावरचा तो हात

आईला स्वतःचा एकही धड फोटो सापडत नव्हता. यात आईशिवाय दुसऱ्या कोणाचाही दोष नाही हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ते बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती. जेवणाच्या टेबलावर अल्बमांची चळत होती, जेवणं ओट्याजवळ उभ्याउभ्या चालली होती आणि आई भिंग लावून जुन्या सहलींमध्ये स्वतःला शोधत होती.

या घरात आठवणींचं खातं पहिल्यापासून आईकडे. कॅमेरा तिचा, कात्री तिची, शेवटचा शब्दही तिचाच. फोटो नुसता चिकटवणं तिला मान्य नव्हतं. कडा सारख्या करायच्या, शेजारी त्या दिवसाचं बसचं तिकीट नाहीतर फ्रॉकची फीत लावायची, खाली दोन ओळी लिहायच्या. आणि मुख्य म्हणजे फोटोखाली ‘उशी’ द्यायची. उशी म्हणजे हाताला लागेल त्या जाड कागदाचा तुकडा. तो मागे असला की फोटो पानापासून जरासा वर उचलला जातो आणि माणूस उठून दिसतो. चिकटवायला बाजारचा गोंद चालत नसे. फोटो पिवळे पडतात म्हणून पिठाची खळ ती घरीच शिजवायची. मुलं लहान असताना एकदा बाबा ती सूप समजून प्यायले होते आणि चांगली झालीय म्हणाले होते.

गावातल्या वाचनालयाने या रविवारी प्रदर्शन ठेवलं होतं. घराच्या आठवणी जपणाऱ्या माणसाने स्वतःविषयी दोन पानं करून आणायची. आईने नाव सर्वांत आधी दिलं. धाकट्या जाऊबाईंनीही दिलं. त्यांच्याकडे स्वतःच्या फोटोंना तोटा नव्हता. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेला, गालात कापूस घेऊन हसणारा फोटोसुद्धा त्यांच्या संग्रही होता.

“वहिनी, तुमचा एखादा तरी फोटो आहे का हो?” जाऊबाईंनी फोनवर सहज विचारलं होतं. “नाहीतर पुढे नातवंडांना वाटायचं, आजी नव्हतीच.”

आईला हे लागलं. चांगलंच लागलं. तेव्हा ती हसली, पण फोन ठेवल्यावर तिने सगळे अल्बम खाली काढले.

“हा बघ, ही मी,” ती आता मुलीला म्हणाली.

“आई, हा अंगठा आहे.”

“माझाच ना?”

पुढे एका बागेतल्या गवतावर तिची सावली सापडली. बाबांच्या चष्म्याच्या काचेत, भिंग लावलं तर, तिच्यासारखं काहीतरी दिसत होतं. आणि शाळेच्या पहिल्या दिवसाच्या फोटोत मुलाच्या, छोटूच्या, खांद्यावर एक हात होता. नुसता हात. मनगटापाशी फोटो संपत होता.

“हा हात,” छोटू म्हणाला, “याच्यामुळे मी किती वर्षं दिवा लावून झोपायचो माहितीय?” छोटू आता सहा फूट उंच होता आणि बँकेत लोकांना कर्ज नाकारायचा, पण हाताकडे बघताना तो अजूनही थोडा मागे सरकला.

“माझा हात आहे तो. मी पण होते तिथे. पण माझे डोळे मिटलेले आलेले, म्हणून कापलं मी मला.”

“आणि इथे?”

“इथे तोंड उघडं होतं. कापलं.”

“आणि या लग्नातल्या?”

“शिंकत होते. अरे, चांगल्या अल्बमात असलं ध्यान ठेवतात का?” आईने कात्री पुढे सरकवली, जणू कात्रीनेच ते केलं होतं. खरंतर फोटोंत ती यायचीच क्वचित, कोणी वाटेवरचा माणूस कॅमेरा धरायला मिळाला तर. आणि जिथे आली तिथे तिने स्वतःला काढून टाकलं होतं.

“मग आत्ता काढू की मोबाईलवर,” मुलगी म्हणाली.

“आत्ताचे कशाला? आत्ताची मी दिसतेच आहे. मी तेव्हा होते, हे दिसलं पाहिजे.”

यावर छोटूच्या तोंडून निघून गेलं, की मग तेच सगळे फोटो परत काढू, त्याच जागी, तसेच उभे राहून. तो विनोद करत होता. आई उठली, पेटी उघडली आणि त्याचा शाळेचा स्वेटर घेऊन आली.

“हा तू ठेवलायस?” छोटू म्हणाला.

“घाल.”

“आई, हा पाच वर्षांच्या मुलाचा आहे.”

“लोकर ताणते.”

लोकर ताणली. डोकं बाहेर आलं, हातही बाह्यांत शिरले, पण कोपराशी येऊन अडकले ते अडकलेच. दोन्ही हात वर करून छोटू दारात उभा राहिला, एखाद्याने बंदूक रोखल्यासारखा. आईने ठेवणीतला कोट चढवला, केस सारखे केले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायला टाचा उंचावल्या. कॅमेरा बाबांकडे आला.

बाबांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली. त्यांच्या दृष्टीने कुठल्याही दृश्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमीन. बाकी जे काही असतं ते तिच्यावर तात्पुरतं उभं असतं. त्यांनी एक डोळा मिटला, गुडघे वाकवले आणि मन लावून फोटो काढला.

“दाखवा,” आई म्हणाली. फोटोत उंबरठा होता, पायपुसणं होतं आणि पायांच्या दोन जोड्या होत्या. “अहो, मी कुठेय यात?”

“या तुझ्याच चपला. आणि चौकट बघ, केसभर वाकडी नाही.”

“डोकी कुठे गेली आमची?”

“डोकी काय, हलतात.”

दुसऱ्या फोटोत सगळी माणसं कमरेपर्यंत आली. तिसऱ्यात आई गळ्यापर्यंत आली आणि छोटूचे नुसते गुडघे आले. प्रत्येक फोटोला आईचा आवाज एकेक पट्टी चढत होता. मुलीने स्वतः कॅमेरा मागितला, तर बाबा दुखावले. सरकारने त्यांच्यावर आख्खा तालुका सोपवला होता, एक बायको चौकटीत बसवता येत नाही म्हणजे काय.

“पुढचा वाढदिवसाचा,” आई म्हणाली. “टेबलापाशी या. अल्बम उघडा राहू दे, बघून उभं राहता येईल. आणि अहो, मला आख्खी घ्या. डोक्यापासून पायापर्यंत. काही झालं तरी कापायची नाही.”

हे बाबांनी मनावर घेतलं. आख्खी घ्यायची तर मागे जायला हवं, म्हणून ते मागे गेले. पाय दिसले, डोकं गेलं. अजून मागे गेले. डोकं आलं, पाय गेले. डोळा कॅमेऱ्याला लावूनच ते टेबलाला वळसा घालत मागे मागे चालले. तिकडे छोटू हात वर करून, स्वेटर पुन्हा तोंडावर चढल्यामुळे काहीही न दिसता, आईच्या हाकेच्या रोखाने येत होता.

“बस, आली,” बाबा समाधानाने म्हणाले, “आख्खी आली,” आणि पाठमोरे छोटूवर आदळले. हात मोकळे असते तर छोटूने कशाला तरी धरलं असतं. तो सरळ टेबलावर आडवा झाला. टेबलावर पाण्याचा मोठा जग होता. तो कलंडला आणि उघड्या अल्बमात रिकामा झाला, तिथून चळतीतल्या खालच्या अल्बमांत झिरपला.

स्वेटरच्या आतून छोटूने विचारलं, “काय झालं?”

आई ओल्या पानांकडे बघत होती. पिठाची खळ पाण्यापुढे टिकत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? मुलांचे दात पडण्यापासून बाबांच्या निरोप समारंभापर्यंत एकेक फोटो सुटत होता आणि पानावर तरंगायला लागला होता.

“गेलं सगळं,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “स्वतःचे फोटो करायला गेले, तर तुमचेही गेले.”

“काही गेलं नाही,” मुलगी म्हणाली. “फोटो वाळतात. बाबा, तो मोठा ट्रे आणा. चिमटे आणा.”

बाबांनी अपराध्याच्या तत्परतेने दोन्ही आणलं. मुलगी फोटो ट्रेमधल्या पाण्यात धुऊन खळ काढू लागली आणि बाबा ते गॅलरीतल्या दोरीवर, दोन फोटोंत सारखं अंतर ठेवून, चिमट्यांनी लावू लागले. छोटूने स्वतःला सोडवून घ्यायचा विषय काढला, पण आत्ता ती वेळ नव्हती.

“या उशांचं काय करू?” मुलीने विचारलं. फोटोंच्या मागचे जाड तुकडे सुटून ट्रेच्या तळाशी जमले होते.

“टाक. कसले कसले तुकडे असतील.”

मुलीने एक तुकडा उचलला, उलटा केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. “आई.”

“काय?”

“ही तू आहेस.”

तुकड्यावर आई होती. तरुण, ठेवणीतल्या त्याच कोटात, डोळे घट्ट मिटलेले. मुलीने दुसरा उलटा केला. तोंड उघडं टाकून हसणारी आई. तिसऱ्यावर शिंकेच्या ऐन मध्यावर सापडलेली आई. फोटोचा कागद चांगला जाड, तो वाया कसा घालवायचा? आई स्वतःला कापायची आणि तोच तुकडा हाताशी असायचा म्हणून तिथल्या तिथे, पालथा, त्या फोटोखाली सरकवायची. इतक्या वर्षांत ती ते पार विसरून गेली होती. छोटू पहिलं पाऊल टाकत होता त्याच्या मागे आई होती. मुलगी रुसून बसली होती तिच्या मागे आई होती. बाबा वरिष्ठांशी हात मिळवत होते, त्यांच्याही मागे आईच होती, जांभई देत.

“दे इकडे,” आई लाजून म्हणाली. “कसली ध्यानं आहेत एकेक.”

पण बाबांनी डोळे मिटलेला तुकडा तिच्याआधी घेतला. दोरीवरून शाळेचा फोटो काढला, दोन्ही टेबलावर ठेवले आणि तुकडा हळूहळू सरकवत नेला. मनगट हाताला लागलं. कात्रीची रेघ रेघेत बसली.

“हद्द जुळली,” बाबा म्हणाले.

शाळेच्या दारात छोटू उभा होता आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून आई उभी होती. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. मान त्याच्याकडे वळवलेली होती आणि डोळे मिटलेले होते, कारण ती रडू आवरत होती. मुलीने स्वेटर तोंडावरून खाली ओढला, तेव्हा छोटूने बराच वेळ फोटो पाहिला. त्याला मिठी मारायची होती, पण हात वर होते, म्हणून त्याने नुसतं डोकं आईच्या खांद्यावर टेकवलं. मग आईने उठून कात्री घेतली आणि तो स्वेटर, जो तिने इतकी वर्षं जिवापाड जपला होता, कोपरांपाशी कापून त्याला सोडवलं.

रविवारी वाचनालयात आईच्या दोन पानांसमोर गर्दी झाली. पानांवर नुसती आईच आई होती. डोळे मिटलेली, शिंकणारी, जांभई देणारी, आणि प्रत्येकीखाली दोन ओळी.

“वहिनी,” जाऊबाई कुजबुजल्या, “हे सगळे डोळे मिटलेले का लावलेत?”

“उघडे होते तेव्हा तुमचे सगळ्यांचे फोटो काढत होते ना,” आई म्हणाली.

जाऊबाई काही बोलणार तेवढ्यात ग्रंथपाल बाई त्यांच्या पानांशी थांबल्या. “तुमचे फोटो किती सुरेख आलेत हो. कोणी काढले?”

जाऊबाईंनी आपली पानं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. दाताच्या डॉक्टरांकडचाही फोटो पाहिला. “वहिनींनी,” त्या म्हणाल्या. “सगळेच.” आणि त्यांनी आईचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

बाबा मात्र दोन्ही पानांवरून तिसऱ्यांदा नजर फिरवत होते. त्या दिवशी काढलेल्या फोटोंच्या त्यांनी मुद्दाम जाड, चांगल्या कागदावर प्रती करून आणल्या होत्या. चपलांचा, कमरेपर्यंतचा, आणि आई आख्खी आली होती तोही. शिवाय मुलीने काढलेला, गॅलरीत दोरीपाशी उभ्या असलेल्या बाबांचा फोटो होता.

“अगं, माझे फोटो लावणार होतीस ना?”

“लावलेत की.”

“कुठे? मला तर एकही दिसत नाही.”

आईने त्यांचं बोट धरलं आणि शाळेच्या दारातल्या स्वतःच्या फोटोवर हलकेच दाबलं. फोटो पानापासून छान वर उचललेला होता. बाबांनी चष्मा सारखा केला, वाकून फटीतून आत पाहिलं आणि त्यांना चिमटे धरलेला आपला हात दिसला.

“कापलंस मला?”

“डोळे मिटलेले होते तुमचे,” आई म्हणाली.