पुढचे डावे चाक

जुना गंज डिझेलमध्ये भिजला की त्याला एक वास सुटतो. पावसात भिजलेल्या लोखंडी कडीला नाक लावावे तसा थंड, कडवट, आणि तळाशी किंचित गोडसर. नांदेडच्या आमच्या गल्लीत त्या आठवड्यात तो वास रोज संध्याकाळी भिंत ओलांडून येई आणि त्याच्या मागोमाग एक आवाज: टुक. टुक. टुक. मग समजावे की वाघमारेकाका आपल्या गाडीच्या चाकाशी बोलणी करीत बसले आहेत.

काका आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. पस्तीस वर्षे ट्रकांच्या गॅरेजात मिस्त्री होते. माणसांवर त्यांचा विश्वास आहे, देवावरही असावा. पण दुसऱ्याने आवळलेल्या नटावर मुळीच नाही. रिक्षात बसण्याआधी ते वाकून तिन्ही चाके तपासतात. रिक्षावाला वैतागून निघून जातो आणि काका समाधानाने पायी चालू लागतात. बसचा विषय काढला की म्हणतात, "डायवर तर समोर दिसतो. नट कुणी आवळला, ते कुठं लिहिलंय?"

गेल्या वर्षी गल्लीतून एक वरात चालली होती. काकांनी फुलांनी मढलेली गाडी हात करून थांबवली आणि पांढऱ्या लेंग्यानिशी चाकाशी बैठक मारली. बँडवाल्यांनी तेच गाणे तीनदा वाजवले. नवरदेव घामाघूम झाला. काका उठले, हात झटकले आणि म्हणाले, "पाव फेरा ढिला व्हता. आता खुशाल नाचा."

हा 'पाव फेरा' त्यांचे जगाला लावायचे माप आहे. कुणाची ठरलेली सोयरीक मोडली, पाव फेरा ढिली. कुणी लेकीला फार धाकात ठेवले, पाव फेरा जास्त. एकदा मी त्यांना माझी कविता वाचून दाखवली. बराच वेळ ते अंगणातल्या लिंबाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगली हाय. शेवटी जरा जास्तच आवळलीस." मी रागावले. दुसऱ्या दिवशी शेवटची ओळ खोडली.

पण याच सवयीने त्यांचे घर मोडत आले. दोन वर्षांपूर्वी, काकू गेल्या त्याला चारच महिने झाले होते, लातूरहून लेक सुनीता आणि जावई नव्याकोऱ्या गाडीने आले. जावई पानावर बसले. काका "आलोच" म्हणून बाहेर गेले, ते वरण निवले तरी परत येईनात. जावई पाहायला गेले, तर गाडी जॅकवर आणि तिचे नट काकांच्या टोपीत!

"मामा, गाडी दोन दिसाची हाय. माझ्यावर भरोसा न्हाई का कंपनीवर?"

"कंपनीला म्या बघितलेलं न्हाई."

"आन् मला?"

इथे काकांनी उत्तर द्यायला हवे होते. ते पुढच्या चाकाकडे सरकले.

भरले ताट सोडून जावई निघाले. त्यानंतर ना ते आले, ना काका गेले.

आता नातवाचा पहिला वाढदिवस रविवारवर आला होता. सोमवारी लेकीचा फोन आला. काका कानाने जरा मंद असल्याने तो आमच्या ओट्यापर्यंत ऐकू आला. "बाबा, बोलवा म्हणून ह्यांनीच सांगितलंय. या खेपेला न्हाई आलात, तर मी पुन्हा म्हणणार न्हाई." नातवाला काकांनी तोवर फोनच्या काचेवरच पाहिले होते.

जायचे तर स्वतःच्याच गाडीने. आणि ती काकू गेल्यापासून लिंबाखाली उभी. दोन पावसाळे तिने अंगावर घेतले होते. पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकची डिस्क, ताटाएवढी जड चकती, मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या तुंब्याला, गंजून अशी चिकटली होती की दोन्ही एकाच ओतीव लोखंडाची वाटावीत. ती काढल्याशिवाय नवी बसणार नव्हती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचे रशीदभाई दोनदा येऊन सांगून गेले, "काका, दोन घण घाला आन् विषय खतम करा."

"घणानं निघती रे. पण मागचं बेरिंग जलमभर रडत राहतं."

म्हणून रोज संध्याकाळी कापसाच्या बोळ्याने फटीत डिझेल पाजायचे, लहान हातोडीने चाकाच्या बोल्टांमधल्या जागी गोल गोल ठोके द्यायचे, चकती थोडी फिरवायची, पुन्हा ठोके. "रुसलेल्याला वढत नसतेत, बाई. बोलतं करतेत." एका बोल्टावर मात्र त्यांनी नट बोटाने सैल लावून ठेवला होता. "सुटली की पायावर उडी मारती."

पाच दिवस तोच मेलेला आवाज: टुक. माझे कान त्याला इतके सरावले की श्वासही त्याच लयीत पडू लागला.

शनिवारी सकाळी मी खोबरे भाजत होते. टुक, टुक, आणि मग टण्ण! स्वच्छ, मोकळा नाद, जणू कुणी ओल्या मातीतून घंटा उकरून काढली. गॅस बंद करून मी धावले.

"सुटली?"

"न्हाई अजून." काका माझ्याकडे न पाहता कापूस भिजवीत होते. "लई धरून बसलीय. उद्यापर्यंत काय निघत न्हाई. सुनीताला तूच कळव, गाडी तयार न्हाई म्हणावं."

मी वाकून दोन बोटांनी डिस्कला स्पर्श केला. ती सैल दातासारखी हलली आणि नटावर खळ्कन वाजली.

"काका, हिनं तर कधीच सोडलंय."

हातोडी मांडीवर ठेवून ते बसून राहिले. तळव्यांवरचा तांबूस गंज निरखत म्हणाले, "म्या गेलो की दारातच जावयाची गाडी असंल. बघायचं न्हाई म्हणलं तरी नजर चाकाकडं जाती. म्या कधी वाकलो तेच मला कळत न्हाई गं. तुझी काकू होती तवर मागून शर्ट वढायची. कुणाला दिसायचं बी न्हाई. शर्ट वढला की म्या सरळ." त्यांनी हातोडी मांडीवरून खाली ठेवली. "त्या दिशी मागं कोणी नव्हतं."

काकांनी नट काढला. डिस्क त्यांच्या हातात अलगद आली. दुपारपर्यंत नवी बसली, चाक चढले, गाडी जमिनीला टेकली.

रविवारी सकाळी गाडी धुतलेली, काकांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागच्या सीटवर नातवासाठी घेतलेला लाकडी घोडा. काका आमच्या फाटकाशी आले. अहमदपूरपर्यंतचा रस्ता चांगला झालाय, ऊन चढायच्या आत पोचायला होईल, असे काहीबाही बोलले. हात मागे नेऊन शर्टाची किनार उगाच सारखी केली. मग गाडीचे डावे दार उघडले, सीटवरची नसलेली धूळ रुमालाने झटकली आणि दार तसेच धरून मला विचारले,

"येतीस?"