केसोपंतांनी हुद्द्यांची इंग्रजी शिकविली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. ऐकणाराचे कल्याण असो, लिहिणाराचा हात न थको. शके सतराशे पन्नास, सर्वधारी नाम संवत्सरे, माघमासी एके राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे की, राज्य लहान परंतु चाकर माणूस उदंड, आणि वेशीबाहेर टोपीकरांचा तळ पडलेला. मग टोपीकर साहेबांनी सांगोन पाठविले की, "महाराजांचे पदरी कोण काय करितो हे आम्हांस उमगत नाही. फाल्गुनात आम्ही येतो. ज्याचे काम आमचे भाषेत आमचे कानी पडेल तो राहील, बाकीच्यांस निरोप द्यावा." हे ऐकोन वाड्यात सर्वांचे धाबे दणाणले. महाराजांनी मसलत केली आणि केसो त्रिमल पंतोजी, बंदरी राहोन इंग्रजी शिकलेले, त्यांस बोलावून चाकरीस ठेविले व बोलिले, "केसोपंत, साऱ्यांची भाकर तुमचे हाती आहे." पंतोजींचा तो जन्म उंबरे झिजविण्यात गेला होता. आता कोठे नोकरी लाभली, बिऱ्हाड मांडिले, आणि कुटुंबास माहेराहून आणविले होते. तेव्हा साऱ्यांत त्यांची स्वतःचीही भाकर आली, हे त्यांस पुरते ठाऊक होते.

मग सदरेवर शाळा भरली आणि पंतोजींनी कढई, कात्री, खलबत्ता ऐशी चित्रे काढोन मांडिली आणि रखमाजी परटास म्हणाले, "रखमाजी, म्हण, मी वाशरमन." परीट मान खाली घालोन बसला. "पंतोजी, चारचौघांत आपल्या तोंडाने कसं म्हणू? बरं दिसत नाही." आता हे उमगावयास त्या राज्याचा रिवाज सांगितला पाहिजे. तेथे आपला हुद्दा आपण बोलू नये, दुसऱ्याने सांगावा, आपण उगे उभे राहावे. जो आपण होऊन बोलेल त्यास उथळ म्हणत आणि त्याचे घरी सोयरीक करीत नसत. खुद्द महाराजही 'मी राजा' ऐसे कधी बोलिले नव्हते, चोपदार बोलत असे. पंतोजी त्याच मातीचे, त्यांस रागे भरवेना. मग त्यांनी युक्ती काढली की, सर्वांनी रिंगण करोन बसावे आणि ज्याने त्याने शेजाऱ्याचे काम पाठ करावे, म्हणजे रिवाजही राहतो आणि नोकरीही राहते. मुदपाकखान्याच्या सगुणाबाईंनी परटाचे सांगावे, परटाने शिंप्याचे, शिंप्याने वैद्याचे, ऐसे करीत करीत माळीबुवांनी सगुणाबाईंचे सांगावे. पंतोजी आपण रिंगणाचे मधोमध उभे. मग काय विचारता, सारा वाडा घोकू लागला. सगुणाबाई वरण ढवळिता ढवळिता वाशरमन वाशरमन म्हणत, आणि माळीबुवा झारी घेऊन मुदपाकखान्याशी येऊन "ही इज कुक" ऐसे ओरडत, तेणेकरून तोही शब्द बाईंस आयताच पाठ जाहला.

फाल्गुनात साहेब आले, खुर्ची मांडिली, कारकून लेखणी घेऊन बसला. एकेक माणूस उभा राहिला आणि शेजाऱ्याने त्याचे काम बिनचूक सांगितले. कोणी अडखळला नाही. साहेब संतोष पावले, महाराजांनी मिशीवर हात फिरविला, आणि पानसुपारी येणार इतक्यात साहेबांनी पंतोजींकडे बोट केले. "आणि हा कोण?" पंतोजींनी साऱ्या राज्याचे शब्द शिकविले होते, परंतु आपला शिकविला नव्हता. आपलाच हुद्दा लोकांकडून घोकून घ्यावयाचा, हे त्यांस शोभेसे वाटले नव्हते. महाराजांनी चोपदाराकडे पाहिले, चोपदाराने छताकडे पाहिले. पंतोजींचे घरी कुटुंबाने नुकतेच तुळशीस ओटा घातला होता, तो डोळ्यांपुढे आला. त्यांनी ओठ उघडिले, शब्द जिभेवर आला, आणि त्यांनी तो गिळला. कारकुनाने लेखणी उचलली. तेव्हा सगुणाबाईंस राहवेना. त्यांजपाशी शब्द दोनच होते. एक परटास दिलेला. दुसरा त्यांचा स्वतःचा होता, तो त्यांनी दिला. "ही इज कुक."

"दोन कुक?" साहेब बोलिले. "बरे, महाराज खाणारे दिसतात." आणि तसे लिहिले गेले. साहेबांचे लिहिले कोण पुसणार? दुसरे दिवशी पंतोजी मुदपाकखान्यात रुजू जाहले. बाई म्हणाल्या, "पंतोजी, भाजी चिरता येते?" "नाही येत, बाई." "मग बसा इथे. शिकवते."

तात्पर्य इतुकेच की, राज्यातील माणूस एकही कमी जाहला नाही. वरणात मीठ मागेपुढे होई, ते महाराज निमूट जेवीत. खरा शब्द कोणता होता, हे सगुणाबाईंनी चुलीपाशी किती वेळा पुसिले, परंतु पंतोजींनी तो अखेरपर्यंत सांगितला नाही. हे जैसे घडले तैसे लिहिले.