लाल बटण आणि शुक्रवार

मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. आहे हो! त्यामुळे कौस्तुभने मस्कतहून "कॉम्प्युटर तू एकटी सांभाळशील ना?" असं विचारलं, तेव्हा मी फोनवर चक्क हसले.

बेत साधा होता. शुक्रवारी त्याला सुट्टी. त्या दिवशी इंटरनेट लावायचं आणि ज्ञानदाला कॅमेऱ्यासमोर बसवायचं. दोन महिन्यांची असताना पाहिलेली लेक बापाला थेट अकरा महिन्यांची दिसणार! गोखिवऱ्याच्या या फ्लॅटमध्ये दिवसभर माझ्याबरोबर तीच, आणि तिला अजून एकही शब्द येत नव्हता.

पण गुरुवारी कॉम्प्युटर लावला, तर दहा मिनिटांत आपोआप बंद! पुन्हा लावला, पुन्हा बंद! फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा काटा एकशे चाळीसवर, तापातून उठलेल्या माणसासारखा लटपटत होता. समोरचे कारखाने सुरू झाले की आमची वीज अशीच.

शेजारच्या हिल्डा आंटी म्हणाल्या, "व्हिन्सेंटला बोलव ना. कॉम्प्युटर त्यानेच बसवलाय."

"एवढ्यासाठी? मी बघते, आंटी!"

कॉम्प्युटरच्या मागे, वायर लागते त्या डब्यावर एक लाल बटण होतं. एका बाजूला ११५, दुसऱ्या बाजूला २३०. आणि होतं २३० वर! येतात एकशे चाळीस, आणि बिचाऱ्याकडून मागायचे दोनशे तीस? मी बटण ११५ वर सरकवलं. कॉम्प्युटर चार तास चालला! मी आरशासमोर जाऊन स्वतःलाच शाबासकी दिली. दुसरं होतं कोण द्यायला?

शुक्रवारी दुपारी ज्ञानदाला नवा फ्रॉक, गालावर तीट. कॉम्प्युटर लावला.

ढुम्म!

किल्ल्यावरची तोफ हॉलमध्ये उडाली जणू! धूर! ज्ञानदाला काखेत मारून मी जिन्यात. हिल्डा आंटी बोंबील कापायची सुरी घेऊनच धावल्या, "कोण मेला?"

व्हिन्सेंटने येऊन डबा उघडला. "ताई, हे बटण कोणी फिरवलं?"

मी ज्ञानदाकडे पाहिलं.

"ताई!"

"काल व्होल्टेज कमी होतं, म्हणून..."

"आणि आज शुक्रवार! कारखान्यांना सुट्टी, व्होल्टेज फुल, आणि बटण ११५ वर!"

"पण तो सारखा बंद पडत होता रे."

"पडणारच! वीज फार उतरली की हा डबा, पॉवर सप्लाय, स्वतःच थांबतो, बाकीच्यांना सांभाळायला. आजही एकटाच जळला. बाकी मशीन ठीक आहे. नवा बसवतो, पण आज जमणार नाही."

एवढ्यात फोन वाजला. "अगं, दोन तास स्क्रीनपुढे बसलोय! ज्ञानदा बरी आहे ना?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. आणि मग कौस्तुभ हसला. असा हसला, की बोलताच येईना! नऊ महिन्यांत फोनवर आमचं ताप, लस आणि घरभाडं एवढंच झालं होतं. ज्ञानदाने रिसीव्हर ओढला आणि ओरडली, "ढुम्!"

"तिचा पहिला शब्द?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "परत सांग ना. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. मग आणखी एकदा. आता तुम्हाला म्हणून सांगते, तिसऱ्या वेळी मी पडद्यालाही आग लावली.